नसलेल्या हळदीचं आमंत्रण

पनवेलच्या नोकरीत बरेच गुन्हे तपासले, पण या एका तपासाची आठवण निघाली की अजून हसू येतं.

तळोज्याच्या एका कारखान्याच्या व्यवस्थापकाने तक्रार दिली की निविदांचे दर बाहेर फुटतात. दर कळवणारे मेल खरेदी विभागातल्या एका कारकुनाच्या खात्यातून गेले होते. माणूस उरणकडचा, आगरी, पोटाने आणि मनाने ऐसपैस. कंपनीने त्याला घरी बसवलं होतं आणि गावात तो चोर ठरला होता.

पोलीस ठाण्यात बोलावून मी त्याला उलटसुलट विचारलं. "पासवर्ड कोणाला दिलास?"

"कोनाला नाय, साहेब. बायकोला पन नाय."

"अनोळखी मेल उघडलास?"

"नाय."

खोटं बोलणारा सारखं पाणी मागतो. हा पठ्ठ्या आमच्या हवालदाराला मुलीचं लग्न जमलं का, विचारत बसला होता. रागवावं तरी कसं?

दुपारी त्याची बायको डबा घेऊन आली आणि माझ्यासमोरच त्याच्यावर बरसली. "याचं डोकं ठिकानावर हाय का, साहेब? मागं नटूनथटून सगल्यांना हळदीला नेलं. त्या गावान मांडवच नाय! सगले हसले आमाला."

"बोलावणं आलं कुठून?"

"मेलवर," तो ओशाळून म्हणाला.

"मग अनोळखी मेल नाही म्हणालास ते?"

"हळदीचं बोलावनं अनोळखी कसं असंल, साहेब?"

मी कपाळावर हात मारला. सायबर सेलने तो मेल तपासला. कंपनीच्या मेल सॉफ्टवेअरमध्ये त्रुटी होती. मेलमध्ये लपवलेला छोटा प्रोग्राम, मेल उघडताच ब्राउझरमध्ये आपोआप चालायचा. खातं आधीच उघडं, त्यामुळे पासवर्डची गरजच नाही. हा आमंत्रण वाचत असताना त्याच्या खात्यात, येणारा प्रत्येक मेल परस्पर बाहेर धाडण्याची सोय बसली होती.

ते मेल जिथे जात होते त्या पत्त्याचा माग काढला, तर पाठवणारा निघाला कंपनीने काढून टाकलेला संगणक तंत्रज्ञ. "यालाच का निवडलंस?" मी विचारलं.

"बाकीचे न वाचताच मेल पुसतात, साहेब. हा हळद चुकवत नाही."

कारकून मोकळा झाला, पण खुर्चीवरून उठेना. "साहेब, गेटवर येऊन सांगाल का?"

पाळी सुटताना मी वर्दीत गेलो आणि सगळ्या कामगारांसमोर मोठ्याने सांगितलं, या माणसाने काहीही केलेलं नाही. तो ढसाढसा रडला. माझेही डोळे भरले, ते मी टोपीआड लपवले.

पोलिसांनी बोलावलं की सगळं गाव बघतं, सोडलं की कोणी बघत नाही. त्यानंतर निवृत्तीपर्यंत, ज्याला निर्दोष सोडलं त्याच्यासोबत मी त्याच्या घरापर्यंत गेलो. दिवसाउजेडी, आळीतून चालत.