ब्लॅकआउटमधली भिंत

"उभ्या उभ्या झोपतात बाबा! डोळे मिटून! मी स्वतः पाहिलंय," थोरला ताटावरून जवळजवळ उठलाच. "शेजारी सेटची दहा फुटी भिंत उभी, आणि हे विंगेत पेंगताहेत."

"झोपत नाही मी," वडील म्हणाले.

"मग काय, समाधी लावता?" सुनेनं हसू दाबत विचारलं.

एकतीस वर्षं ते नाटकाचा सेट लावत, आणि प्रवेश बदलला की अंधारात तो हलवत. घरच्यांच्या लेखी ती हमालीच.

"रविवारी मॅनेजरला सांगून टाकतो, यापुढं बाबा येणार नाहीत."

वडिलांचा घास हातातच राहिला. तो हात आईनं पाहिला.

"आधी मी बघून येते," ती म्हणाली. "झोपतोय तो नवरा माझा आहे ना?"

रविवारी दुपारच्या प्रयोगाला त्यांनी तिला विंगेत एका स्टुलावर बसवलं. "इथून हलू नकोस. खोकला आला तर गिळ."

नाटकातला दिवाणखाना मागून पाहिला आणि ती थक्कच झाली. पुढून फुलाफुलांची भिंत. मागे नुसतं कापड, लाकडी पट्ट्या, टेका आणि टेक्यावर वाळूची पिशवी. जमिनीवर पांढऱ्या चिकटपट्टीच्या बारीक फुल्या, एकेका पायाची जागा दाखवणाऱ्या.

तिसरी घंटा झाली, पडदा सरकला. पहिला प्रवेश संपत आला आणि नवऱ्यानं खरंच डोळे मिटले.

"अहो!" ती कुजबुजली. त्यांनी फक्त बोट वर केलं.

फाटकन सगळे दिवे गेले. रंगमंचावरच्या झगझगाटात दिपलेल्या तिच्या डोळ्यांना स्वतःचा हातही दिसेना. पलीकडे कोणीतरी खुर्चीला धडकून "आई गं" केलं. शेजारची जागा मात्र रिकामी झाली होती. पावलाचा आवाज नाही, की लाकडाची करकर नाही. एक अख्खी भिंत तिच्या गालाला वारा घालत निघून गेली. तिनं श्वास रोखून धरला होता, तो सोडायच्या आत दिवे आले.

दिवाणखान्याच्या जागी इस्पितळाचा व्हरांडा होता. बाकाचे चारही पाय बरोबर फुल्यांवर. प्रेक्षकांत कोणी टाळी वाजवली नाही. वाजवणार कशी? कोणी काही केलंय, हे कळलंच नव्हतं कोणाला.

ते पुन्हा तिच्या शेजारी उभे होते, जरासे धापत.

"दिसतं तुम्हाला?"

"आधीपासून डोळे मिटले, की अंधार झाल्यावर दिसतं. फार नाही. पुरेसं."

घरी लख्ख उजेडात दोरीवरचा टॉवेल न सापडणारा हा माणूस! ती त्यांच्याकडे नव्या नवरीसारखी बघत राहिली. पुढच्या प्रत्येक प्रवेशाच्या शेवटी तिनंही डोळे मिटून पाहिले, आणि तिसऱ्या खेपेला तिला दिसले ते: पाठीवर भिंत तोलून, एका फुलीवरून दुसऱ्या फुलीकडे, घाई न करता चाललेले.

घरी थोरला दारातच उभा होता. "मग? बोललीस मॅनेजरशी?"

तिनं चपला काढल्या, पिशवी खुंटीला अडकवली.

"हे काम सोडणार नाहीत. आणि रविवारी जेवण यांच्या प्रयोगाआधी, साडेअकराला होईल. उशिरा येईल त्यानं गार जेवायचं."