अश्लोनकी?

दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट. बर्लिनमध्ये माझ्या घरात भाडं वाटून घेणारी मुलगी इस्रायलमधल्या हैफाची ज्यू होती. मी पुण्याहून पाली भाषेवर संशोधन करायला आलेली, ती अरबीवर. तिचा विषय असा: त्यांच्या शाळांत अरबी व्याकरण शिकवायची पद्धत मुळात इथल्या विद्यापीठांतली. इथले ज्यू पंडित तिकडे गेले आणि लॅटिन शिकवावं तशी अरबी शिकवू लागले. धातू, प्रत्यय, तक्ते. बोलणं नाहीच. मी तिला 'रामः रामौ रामाः' घडाघडा म्हणून दाखवलं. "गेनाऊ!" ती ओरडली, "अगदी हेच!"

तिची आजी मूळची बगदादची. नातवंडांशी जन्मभर मोडकंतोडकं हिब्रू बोलली. आजारपणात तेही पुसलं गेलं, उरली फक्त माहेरची अरबी. नातीला एकच ध्यास होता, आजी आहे तोवर तिच्याशी तिच्या भाषेत बोलायचं. शाळेत अरबीत पहिली यायची, मग भीती कसली?

रविवारी फोन लावला. आजी म्हणाली, "अश्लोनकी?" हिने लगेच शब्द फोडला. लोन म्हणजे रंग. तुझा रंग कसा? आणि ताठ बसून, सगळ्या प्रत्ययांसकट उत्तर दिलं, "लौनी हिन्तीयुन." माझा वर्ण गव्हाळ आहे! लग्नाच्या जाहिरातीत असतो ना, तसा. पलीकडे आजीने विचारलं, ही बातम्या देणारी बाई कोण? आणि फोन हिच्या आईकडे देऊन टाकला.

आईनेच सांगितलं, 'अश्लोनकी' म्हणजे नुसतं 'कशी आहेस गं'. मला हसू आवरेना. मग तिच्याकडे बघितलं. रडत होती बिचारी. मला त्या सगळ्या पंडितांचा असा संताप आला! एवढी व्याकरणं शिकवलीत, अहो, आणि आजीशी दोन शब्द बोलता येऊ नयेत?

"त्यांचं अरबीवर फार प्रेम होतं गं," ती नाक पुसत म्हणाली. "त्यांच्या आज्या जर्मन बोलायच्या, एवढंच."

मी चहा टाकला आणि बजावलं, "पुढच्या रविवारी व्याकरण माझ्या खोलीत ठेवून ये. आजी म्हणेल तेच परत म्हण."

"अश्लोनकी?" आजीने विचारलं.

"अश्लोनकी, बीबी?" ही म्हणाली. बीबी म्हणजे आजी.

आजी हसलेली मलाही ऐकू आली. मग जी सुटली, ती थांबेचना. ही नुसती मान डोलावतेय, डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"काय म्हणतेय?" मी कुजबुजले.

तिने फोनवर हात ठेवला. "निम्मं कळत नाही. पण माझ्याशी बोलतेय."