मागणी माझी, टाळ्या त्यांना

तुमचीच मागणी सरकारनं मान्य केली आणि त्याच आनंदाच्या सभेच्या दिवशी तुम्हाला पोलीस ठाण्यात बसवून ठेवलं, तर तुम्हाला काय वाटेल? मी तर जळले. खोटं कशाला सांगू.

किन्हीराजात आमची मोठी माय, म्हणजे माझी थोरली काकू, पहाटे अंगणात बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधते. शेजारच्या बायाही येतात. हात गुंतलेले, कान मोकळे; म्हणून वडील त्यांना पत्रकं वाचून दाखवायचे, पुढे मी दाखवू लागले. समाजवाद हा शब्द मी त्या ओल्या मेथीच्या वासात शिकले. कॉलेजात असताना स्वतः पहिलं पत्रक लिहिलं: शेतात राबणाऱ्या बाईला दरमहा तिच्या खात्यात पैसे मिळालेच पाहिजेत. मोठ्या मायनं ते तीनदा वाचायला लावलं.

मग सरकारची तशीच योजना आली. वाशीमला मंत्र्यांची सभा ठरली. सकाळीच पोलीस मला घेऊन गेले, खबरदारी म्हणून. ठाण्यासमोरून बायांनी भरलेली एसटी गेली. खिडकीशी मोठी माय होती, नवं लुगडं नेसून. माझ्या पत्रकासाठी ती कधी नवं लुगडं नेसली नव्हती.

संध्याकाळी सुटून आले, तर ती बायांना सांगत होती, "तो मंत्री भाऊ लय गोड बोलला वं! म्हने, राबनाऱ्या बाईले पैसे भेटलेच पाह्यजे!"

"ते माझं वाक्य होतं," मी म्हणाले.

"काहून जळून राह्यली? तू लिवलं, त्यानं देलं. टाळ्या त्याले नाही तं काय ठान्यात बसलेलीले वाजवाव?"

बाया खदखदून हसल्या.

आमची मागणी वाढू नये म्हणूनच पैसे दिले, आणि आम्ही वाढू नये म्हणून नोटिसा, हे मला कळतं. तरी फलकावरचा त्या मंत्र्याचा हसरा चेहरा पाहिला की मी जळतेच. आमचं माणूस नेलं त्यानं.

आता तहसीलमध्ये माझ्यावर चांगल्या वर्तणुकीच्या हमीची केस आहे. गावातला जामीनदार हवा. मोठ्या मायला विचारलं. तिचा हात जुडीवरच थांबला.

"योजनेच्या यादीतून माह्यं नाव कटलं तं?"

ती अजून हो म्हणाली नाही. मी तिला दोष देत नाही. एकटीचं नाव कापायला वेळ लागत नाही.

पैसे घ्या, तुमच्या कष्टाचे आहेत. पण तुमच्या गावात माझ्यासारख्या कुणाच्या केसची तारीख असेल, तर पाच-सहा जणी मिळून तहसीलला जा, आणि जामीनदार म्हणून सह्या करा.