गोजराच्या अंगणातली टाकी

हौसेरावांनी मार्केटात तीस वर्षं पाठीवर गोण्या वाहिल्या, पण कागद म्हटला की हा साताऱ्याचा गडी चार पावलं मागे. करावे गावात दोन खोल्या घेतल्या तेव्हा संडासाच्या टाकीला जागाच नव्हती. शेजारच्या गोजराने आपल्या अंगणात खणू दिली. "स्टँपवर लिवून घे दादा," असं तीच म्हणाली होती.

"भाऊबीजेला ओवाळतीस, आन् तुझ्याकडनं कागद घिऊ व्हय?" हौसेराव हसले. टाकी बांधणारा किसन गवंडीही हसला. झालं, व्यवहार संपला!

बावीस वर्षं टाकी उपसायची गाडी हौसेरावांनीच बोलावली. गाडी गेली की गोजराचं अंगण स्वतः फिनेलने धुऊन द्यायचे.

मग गोजराच्या अभयला तिथे इमारत उठवायची हौस आली. "आमच्या जागेत दुसऱ्याची घान कशाला?" म्हणाला. इकडे हौसेरावांच्या विजयमालाबाईंचे दोन्ही गुडघे गेलेले. घरातलं कमोड बंद झालं तर बाईंनी सार्वजनिक संडासात उकिडवं बसायचं कसं?

प्रकरण गावकीच्या बैठकीत गेलं. पंचांनी गोजराला विचारलं, "टाकी तुज्या मर्जीनं झाली काय?"

गोजराने आधी लेकाकडे पाहिलं.

"नाय," ती म्हणाली. "मना कोनी इचारला नाय."

किसन तिथेच होता. सगळं सांगायला तो उठायला लागला, तर हौसेरावांनी शर्ट धरून त्याला खाली बसवलं. "ताई म्हन्ती तसंच आसंल," ते पंचांना म्हणाले. चार माणसांत ती खोटी पडली असती, आणि तेवढं या वेड्या माणसाच्याने बघवलं नसतं.

निकाल अभयच्या बाजूने लागला आणि आठवड्यात त्याने पाइप बुजवला. विजयमालाबाई नवऱ्याच्या खांद्याला धरून सार्वजनिक संडासात जाऊ लागल्या. तिथे त्यांना उठता येईना, परक्या बायका काखेत हात घालून उठवायच्या. ते टाळायला त्यांनी दिवसाचं पाणी पिणंच सोडलं. शेवटी लघवीला जळजळ, ताप. तापातून उठल्यावर त्यांनी साताऱ्याला भावाकडे जायची पिशवी भरली.

"किसन सांगत हुता. तुमीच गप केलासा न्हवं?"

हौसेरावांनी होकाराची मान हलवली.

"बहिनीची लाज राखलीसा. माजी कुनी राखायची?"

हौसेरावांनी खाली वाकून पिशवी उचलली.