हिरव्या ओळी

हरभऱ्याच्या पानांवरची आंबट आंब बोटांना लागली की मला आष्टीजवळचं आमचं रान आठवतं. संशोधनासाठी मी तिथं मुळांवर गाठी न धरणारं वाण पेरलं होतं. गाठी नसल्या की झाडाला हवेतला नत्र मिळत नाही, म्हणून ते पिवळं पडायला हवं होतं. पण सुट्टीत गेले तर सगळ्या ओळी हिरव्यागार. बी बदललं, की जनुकाचा माझा अंदाजच चुकला? एकामागून एक झाडं उपटली, तर मुळं कोरीच, एकही गाठ नाही. बांधावरून आई हळूच म्हणाली, "म्याच युरिया टाकला गं. उपाशी लेकरावानी दिसत व्हती, बघवंना." हंगाम वाया गेला होता. दिवस मावळेपर्यंत मी नुसत्या येरझाऱ्या घालत राहिले. पुढच्या साली पुन्हा पेरलं. आता प्रयोगाची झाडं माझ्या देखरेखीखाली पिवळी पडतात, आणि मला तिथं फार वेळ उभं राहवत नाही.