सावरीखाली हळू बोला

फेब्रुवारीची अकरा तारीख. लोणावळ्यात भुशीच्या रस्त्यावरच्या एका भाड्याच्या बंगल्यात मी चौदा पाहुण्यांच्या पलंगांवर चादरी घालत होते. तीन दिवसांनी त्याच अंगणात माझ्या मुलीचं लग्न होतं आणि पाहुणे नवरदेवाकडचे, आयर्लंडहून यायचे होते. बंगल्याचे म्हातारे राखणदार दारात आले, दोन बोटं ओठांवर ठेवली आणि म्हणाले, "ताई, हळू. वर मंडळी निजलीया."

वर म्हणजे अंगणातल्या सावरीवर. पानं झडलेली, लाल फुलांनी भरलेली, आणि उंच फांदीला आग्या मोहोळाची दोन पोळी, सुपाएवढी. काळ्या माश्यांवरून मधूनच एक लाट सरकायची.

"काढून टाका की, आबा."

"काढाया धूर लागतो. धुरानं उठलं की आठ दिस माणूस हुडकत फिरतं. आपुन कळ काडायची न्हाई. मग त्येबी काय करत न्हाई."

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. बजावतो एकदाच, पण आपण विसरलो की काय हे दिवसभर बघत राहतो. आबा कान्ह्याहून सकाळच्या लोकलनं यायचे. आधी वर बघायचे, मग चहा घ्यायचे.

फटाके नाहीत, बँड फाटकाबाहेर, ड्रोन नाही, असं मी सगळ्यांना बजावलं. संध्याकाळी आलेल्या पाहुण्यांना वाटलं, आबांचं ओठांवर बोटं ठेवणं हा आमच्याकडचा नमस्कार. दुसऱ्या दिवशी सगळे चौदा जण आबा दिसले की ओठांवर दोन बोटं ठेवून मान झुकवू लागले. आबाही तितक्याच गंभीरपणे तसंच करायचे. मग मला बाजूला घेऊन म्हणायचे, "त्या उंच बाईला सांगा, अत्तर नको. लय घमघमती." मी पाहुणीला सांगितलं, आमच्याकडे हळदीपर्यंत अत्तर लावत नाहीत. तिनं ते लगेच वहीत लिहून घेतलं.

नवरदेवाची आजी ऐंशीच्या पुढची, काठी घेऊन चालणारी. तिला सावरीची फुलं पडताना बघायची असायची. आबा तिची खुर्ची दहा हात लांब नेऊन ठेवायचे, ती नातवाकरवी परत झाडाखाली आणवायची. दिवसातून तीनदा तरी.

"म्हातारी हट्टी हाय," आबा म्हणाले. "माज्यावानी."

लग्नाच्या आदल्या दिवशी ते चहा न पिता उभे होते. "ताई, आज आवाज येगळा हाय."

"उद्याचा एक दिवस, आबा. मग तुम्ही आणि तुमचं मोहोळ."

ते हसले नाहीत.

लग्नाच्या सकाळी मी होम बंगल्याच्या मागे मांडायला लावला. धाकट्या दिरानं पाहुण्यांच्या मानासाठी फटाक्यांची माळ आणली होती, ती मी गाडीच्या डिकीत कोंडली. सप्तपदी झाली, सगळे पुढच्या अंगणात आले. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "एवढे डोळे लागलेत जोडप्याला. दृष्ट काढ आधी."

मी असलं काही मानत नाही. पण वाद घालायला वेळ नव्हता, जेवणं खोळंबली होती. व्हरांड्यात शेगडी ठेवली, मीठ-मोहरी-मिरच्या दोघांवरून उतरवल्या आणि निखाऱ्यांवर टाकल्या. धूर म्हणजे फटाके आणि होम, एवढंच माझ्या डोक्यात होतं. दृष्टीचा धूर मी धुरात धरलाच नव्हता.

वाऱ्यानं तो सरळ सावरीकडे नेला.

आधी आवाज आला. आबा ओरडले, "घरात चला! हात हालवू नका!" पाहुण्यांना कळलं नाही, पण आमची माणसं पळाली तसे तेही पळाले. मी दार लावून घेतलं. मग काचेतून दिसलं, आजी झाडाखाली खुर्चीतच होती. आबा तिच्याकडे चालत निघाले होते. चालत. खांद्यावरची घोंगडी त्यांनी तिच्यावर टाकली, कडा तिच्या पायांखाली दाबल्या आणि उघड्या राहिलेल्या बाजूला स्वतः पाठ लावून बसले.

दाराची कडी माझ्या हातात होती. नवरदेव बाहेर जायला धडपडत होता. मी कडी काढली नाही.

आजीला चार डंख झाले. आबांचा चेहरा दवाखान्यात पोचेपर्यंत ओळखू येईना. संध्याकाळी पाचला ते गेले.

सासूबाई म्हणाल्या, "बघ, केवढी दृष्ट होती."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुण्यांचा नाश्ता लावून दिला आणि लोकलनं कान्ह्याला गेले. आबांना अजून घरी आणायचं होतं. ओट्यावर बायका बसल्या होत्या. आग्याचं काय सांगता येतंय, कवाबी उठतं, असं एकजण म्हणत होती. आबांच्या बायकोनं मान हलवली.

"ह्ये रोज सांगायचे, आग्या आपनहून उठत न्हाई. मग काल कशानं उठलं?"

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.

"मी मिरच्या जाळल्या," मी म्हणाले. "त्यांनी आधीच सांगितलं होतं, धूर नको."

कोणी मला पाणी विचारलं नाही. जा, असंही कोणी म्हणालं नाही. आबांना आणायला गेलेली गाडी अकराला आली. तोवर मी तिथेच बसून होते.