सगळे नरच निघाले

शेजारच्या सदामामांनी गच्चीवर कबुतराच्या नराबरोबर होला या दुसऱ्या जातीच्या पक्ष्याची मादी ठेवली होती. तीन वेळा पिल्लं झाली.

“बाई, लेक एकपण नाही. सगळे नरच निघाले,” आज ते हळहळले.

हे मी वर्गात किती वर्षं शिकवलं! पक्ष्यांत नराची लिंगगुणसूत्रं एकसारखी असतात, मादीची विजोड. दोन जाती दुरावू लागल्या की त्यांच्या संकरात पहिला घाव तिच्यावरच पडतो. लेकी जगत नाहीत, आणि हळूहळू दोन जातींमधली वाटच मिटते.

ते नर मात्र जाळीत छाती फुगवून घुमत होते.

माझ्या सासर-माहेरचं बिनसलं, त्यालाही बरीच वर्षं झाली. दोन्हीकडचे पुरुष हल्ली लग्नकार्यात भेटतात, एकमेकांना पान लावून देतात. माहेरचा उंबरठा परका झाला, तो मला एकटीला.